नमुन्याची खुर्ची

एकदा बसलं की माणूस उठायचं नाव घेत नाही, अशा खुर्च्यांच्या जातीतली मी नाही. माझ्यावर कुणी बसलं की त्याला उठवायलाच माणसं टपलेली असायची. मी चाकाची खुर्ची बोलतेय. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात मी कित्येक वर्षं काढली. तिथे मला सगळे 'नमुना' म्हणायचे.

माझ्या नळ्या जोडल्या त्या एका लांबट, पत्र्याच्या शेडमध्ये. वेल्डर दांडगा होता, तोंडाने शिवराळ, पण नळीला नळी जोडताना श्वास रोखून धरायचा. चाकं बसवून झाल्यावर त्यानं मला हलकाच धक्का दिला. मी सरळ रेषेत गेले आणि भिंतीपाशी अलगद थांबले.

"ही पोरगी कुठंही जाईल," तो खुशीत म्हणाला.

मुकादम हसला. "कुठंही नाही जायची. नमुना आहे तो, साहेब लोकांना दाखवायला. बाकीच्या स्वस्तातल्या नळीच्या करायच्यात."

तेव्हा मला वाटलं, नमुना म्हणजे काहीतरी मानाचं असावं.

रुग्णालयात माझी परीक्षा घ्यायला समिती बसली. बसली म्हणजे खरंच माझ्यावर बसली, एकामागून एक. एकानं गिरकी घेतली. एक बाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना अशीच हवी." बिस्किटांचा चुरा माझ्या गादीत सांडला, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि खुर्च्यांची खरेदी मंजूर झाली. त्या समितीत पाय गेलेला माणूस एकही नव्हता.

मग माझ्या बहिणी आल्या. रंग माझाच, पण अंगात जीव नाही. पहिल्याच आठवड्यात एकीच्या ब्रेकचा दांडा कुणाच्या तरी हातात आला. दुसरी एक्स-रेच्या दारात एका म्हाताऱ्या सैनिकाला घेऊन दुमडली. तो पडला, कपाळ फुटलं, आणि वर त्यालाच बोलणी बसली, "आजोबा, नीट बसता येत नाही का?" वर्ष संपायच्या आत सगळ्या जिन्याखाली एकावर एक रचल्या गेल्या. जी एक कशीबशी चालत होती तिच्यावरून धुण्याची बोचकी जायची.

अख्ख्या रुग्णालयात धड अशी मीच उरले. तुम्ही म्हणाल, मग तुला तरी वापरलं असेल. छे! मला कोठीत कोंडलं, वर प्लास्टिकचं आवरण घातलं. कोठीच्या कारकुनाला सगळे कुलूपराव म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. त्यानं कधी साधी सुईसुद्धा घरी नेली नाही. पण कधी कुणाला दिलीही नाही. कुणी मला मागितलंच तर तो म्हणायचा, "ही मोडली तर दाखवायला काय ठेवायचं?" आणि मागणाऱ्याला ते पटायचं. याचीच मला पहिल्यांदा शिसारी आली.

वर्षातून दोनतीनदा आवरण निघायचं. स्मृतिदिन असेल, वर्धापनदिन असेल, नाहीतर कुणी मोठं माणूस यायचं असेल. मग माझ्यावर कुणाला बसवायचं यावर खल व्हायचा.

"तो नको, त्याची लाळ गळते."

"कोपऱ्यातला?"

"तो पाहुण्यांना शिव्या देतो."

शेवटी एखादा गुळगुळीत दाढी केलेला, गप्प माणूस ठरायचा. एकदा एकाच्या लघवीची पिशवी बाजूला लोंबत होती. फोटोवाला म्हणाला, "ते आत घ्या, फ्रेममध्ये येतंय." पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि वर चादर ओढली. पाहुण्यांनी वाकून त्याचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं. चार पावलं पुढं गेल्यावर त्यांच्या माणसानं बाटली पुढं केली आणि पाहुण्यांनी हात खसाखसा चोळून घेतले. मी पाहिलं. म्हाताऱ्यानंही पाहिलं. मग त्यानं आपलाही हात चादरीला पुसला, सावकाश, दोन्ही बाजूंनी.

कार्यक्रम आटोपला की त्याला बाकावर बसवायचं आणि मला फिनेलनं पुसायचं. गरज सरो, वैद्य मरो. माझ्या गादीवरची त्याची ऊबसुद्धा गेलेली नसायची.

कोठीची खिडकी काउंटरच्या मागेच उघडायची. तिथून मला एका बाईंचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला, सगळे त्यांना काकू म्हणायचे. कोरडा, खडा आवाज. त्यांचा नवरा सैन्यात ट्रक चालवायचा. आघाडीवर रसद न्यायची आणि येताना जखमी आणायचे, हे त्याचं काम. एका खेपेला वरून दरड आली आणि ट्रक दरीत गेला. तेव्हापासून कमरेखालचं अंग त्याचं नव्हतंच. काउंटरवरचा माणूस दर वेळी बदलायचा आणि काकूंना दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागायचं.

"गोळी लागली होती का?"

"नाही. दरड कोसळली."

"मग तो अपघात झाला. लढाईतली जखम नाही."

"रस्ता आघाडीलाच जात होता ना? का सहलीला गेले होते ते?"

"तसं नाही हो काकू. खुर्ची तुम्हाला मंजूर आहे. फक्त उपलब्ध नाही. निधी आला होता, पण वेळेत खर्च झाला नाही म्हणून परत गेला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे खुर्ची आहे, पण नाही."

"माझ्या घरी नवराही तसाच आहे," काकू म्हणाल्या. "आहे, पण उठत नाही. त्यांची कूस मी बदलते. पडून पडून कमरेखाली जखम झालीय. डॉक्टरला घरी पाठवा, नाहीतर त्यांना इथं आणायला गाडी तरी पाठवा."

"गाडीला डिझेल नाही."

भिंतीच्या अलीकडे मी आवरणाखाली उभी. तेल घातलेली, चालू, रिकामी. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

मग रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. खात्याच्या तिजोरीची किल्ली ज्यांच्या हातात, तेच पाहुणे येणार होते. नव्या इमारतीत पलंग होते, पण गाद्यांवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. परिचारिका तर एकही नेमलेली नव्हती. पण दारावर पितळी अक्षरं होती, एकेक वीतभर.

मोठे साहेब, म्हणजे रुग्णालयाचे अधीक्षक, कोठीत आले. म्हणाले, "या वेळी जरा चेहरा असलेला माणूस बघा. फार बोलका नको."

कुलूपराव म्हणाला, "ते ट्रकवाले काका आहेत. अंगानं भरलेले, मिशा आहेत, पदक आहे. त्यांना खुर्चीही हवीय."

"मग झालं तर! बसू दे दोन तास. त्यांचीही हौस भागेल."

हौस. माणसाचं बूड सडतंय आणि याला ती हौस वाटते.

ज्या गाडीला कधी डिझेल नसायचं ती त्या सकाळी धुऊनपुसून काकांच्या दारात गेली. त्यांना आणून माझ्यावर बसवलं. काकूंनी जखमेखाली घरून आणलेली उशी सरकवली. काकांनी दोन्ही हात माझ्या चाकांवर ठेवले, आणि मला कळलं की हा हात गाडी चालवणाऱ्याचा आहे. दाबत नव्हता, नुसता अंदाज घेत होता.

"ब्रेक कुठाय हिचा?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

त्यांनी मला हळूच पुढं घेतलं, मग मागं, मग वळवलं. खिडकीपाशी नेलं आणि बाहेरच्या झाडांकडे बघत राहिले. किती वर्षांनी ते कुणी न नेता कुठंतरी पोचले होते! तिथून पाण्याच्या नळाशी गेले. ग्लास भरला, दोन गुडघ्यांमध्ये धरला आणि हॉलभर चाकं फिरवत काकूंजवळ आले.

"घे."

काकूंनी ग्लास घेतला. मग एका दमात प्यायल्या.

"अर्धं सांडलंत," त्या म्हणाल्या.

"रस्ता खराब आहे," काका म्हणाले, आणि दोघंही हसली.

त्या दिवशी मला मी चाकाची खुर्ची असल्यासारखं वाटलं. आजवर मी नुसता देखावा होते.

पाहुणे आले. भाषण लांबलं. माजी सैनिकांच्या उपचारांसाठीच्या निधीत भरघोस वाढ करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ते खाली उतरले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघत विचारलं, "बोला, काय हवंय तुम्हाला?"

मोठ्या साहेबांचं हसू जागच्या जागी थिजलं.

"जास्त काही नको साहेब," काका म्हणाले. "ही खुर्ची मिळाली तर बरं होईल."

"अहो, मग ही तुमचीच!"

पुन्हा टाळ्या. लखलखाट झाला. काकूंनी तोंडावर हात धरला. मला तर चाकं जमिनीला टेकली आहेत का नाहीत तेच कळेना.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्या, हॉल रिकामा झाला. शेजारच्या खोलीत जेवणं सुरू झाली. कुलूपराव हातात माझं आवरण घेऊन आला.

"चला काका, उतरा. गाडी निघालीय."

"हिच्यासकट चढवा मला. साहेब म्हणाले, माझी आहे."

"अहो, ते भाषणात म्हणाले."

"भाषण संपलं होतं."

"माइक चालू होता ना!"

काकांनी माझे दोन्ही ब्रेक लावले. कुलूपरावानं मोठ्या साहेबांना बोलावून आणलं. ते ताट हातात घेऊनच आले.

"काका, तुम्ही शिस्तीतले माणूस. तुम्हाला काय सांगायचं? हा नमुना आहे. हीच दिली तर पुढच्या खरेदीला काय दाखवणार आम्ही?"

"मला दाखवा," काका म्हणाले. "मी दाखवण्याजोगाच आहे. आत्ताच दाखवलंत की."

बाकांवर अजून दहाबारा जुने सैनिक बसून होते. मला वाटलं, आता ही माणसं उठतील. एक उठला. एका हाताचा. काकांच्या कानाशी येऊन म्हणाला, "उठ रे बाबा. साहेब चिडले तर आमच्या गोळ्या अडकतील."

काका त्याच्यावर चिडले नाहीत. विचारलं, "मिळतात का तुला गोळ्या?"

"नाही."

"मग?"

तो खाली बघत परत बाकावर जाऊन बसला. बाकीचेही खालीच बघत होते. बंदुकीपुढं छाती काढणाऱ्या माणसांना या काउंटरनं असं करून ठेवलं होतं.

साहेबांनी वॉचमनला हाक मारली. तोही माजी सैनिकच. आला आणि नुसता उभा राहिला.

"उचल त्यांना."

"साहेब..."

"नोकरी करायचीय का?"

वॉचमन खाली वाकला. "माफ कर गड्या," तो पुटपुटला.

"उचल," काका म्हणाले. "तुलाही घर आहे." आणि त्यांनी स्वतः माझे ब्रेक सोडले.

त्यानं काखेत हात घालून त्यांना उचललं आणि उशी सरकून खाली पडली. पँट गादीला चिकटली होती, ती ओढली गेली, आत बांधलेली पट्टी सुटली. रक्त आणि पू माझ्या गादीवर सांडला. वास सुटला. मोठे साहेब ताट सांभाळत दोन पावलं मागं सरले.

"अरे, सीट खराब केली!" ते म्हणाले.

एक माणूस हवेत लोंबकळत होता, त्याच्या अंगाला भोक पडलेलं दिसत होतं, आणि यांना सीट दिसली. मी लोखंडाची आहे. मळ, मूत, ओकारी, सगळं पुसून घेणं हा माझा धर्म. कशाचीच घाण वाटू नये मला. पण त्या स्वच्छ कपड्यांतल्या माणसाची मला जी घाण वाटली, ती अजून गेलेली नाही.

काकू ओरडल्या नाहीत. त्यांनी उशी उचलली, झटकली आणि म्हणाल्या, "तीन महिने म्हणतेय, जखम बघा, जखम बघा. बघितलीत ना आज? आता जेवा."

जुन्या वॉर्डातून सिस्टर धावत आली. जखमेकडे वाकून बघणारी त्या दिवसातली ती पहिलीच. तिनं काकांना भरती करून घेतलं. नव्या इमारतीला कुलूप होतं, म्हणून जुन्या वॉर्डाच्या बाहेर पॅसेजमध्ये पलंग लावला.

इकडे मला साबणानं धुतलं, फिनेलनं धुतलं, उन्हात टाकलं. डाग जाईना. नमुन्याला डाग चालत नाही. नवा नमुना मागवला गेला आणि मला जिन्याखाली बहिणींच्या ढिगावर फेकलं. पुढच्याच आठवड्यात भंगारवाला आला.

सिस्टरनं काकूंच्या कानावर घातलं असावं. टेम्पो फाटकाबाहेर पडला आणि त्या आडव्या आल्या. भंगारवाला मला उलटंपालटं करून बघत होता. "अहो, ही तर चालू आहे! भंगारात काढायला वेडबिड लागलंय का यांना?"

"किती वजन असेल?" काकूंनी विचारलं.

"का हो?"

"घरी लोखंडी ट्रंक आहे, नोकरीतली. ती घे, ही दे."

त्यानं डागाकडं पाहिलं, काकूंकडं पाहिलं. टेम्पो त्यांच्या दारात नेला, ट्रंक चढवली, मला उतरवलं. वर आपल्या डब्यातलं तेल माझ्या चाकांना सोडलं. ना समिती, ना भाषण. सरकारला जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते भंगारवाल्यानं पाच मिनिटांत केलं.

काका दवाखान्यातून घरी आले तेव्हा मी दारात उभी होते.

"पेटी देऊन गाडी घेतलीस?" ते म्हणाले. "व्यवहार कळतो हं तुला."

"तुमच्यापेक्षा बरा," काकू म्हणाल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मीही विसरले असते. पण रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर आता एक मोठा फोटो लागलाय. मी, माझ्यावर काका, त्यांच्या खांद्यावर पाहुण्यांचा हात. खाली लिहिलंय, 'लाभार्थी'. काकू घरी पट्टी करायला माणूस मिळेल का म्हणून विचारायला गेल्या, तर काउंटरवरचा नवा माणूस भिंतीकडं बोट दाखवून म्हणाला, "तुम्हाला तर खुर्ची मिळालीय. यंदाचा लाभ झाला तुमचा." तो वाढलेला निधीही आला. त्यातून फाटकाला कमान झाली आणि रात्री तिच्यावर दिवे लागतात.

आता मी आणि काका रस्त्यावर असतो. दुकानात जातो, न्हाव्याकडे जातो, उतारावर काका मुद्दाम हात सोडतात आणि काकू मागून बोंब मारतात. गादीवर काकूंनी जुन्या पडद्याचं कापड शिवलंय. डाग खाली आहेच. चढ आला की काकू ढकलतात. त्यांची मनगटं सुजलेली असतात, आणि त्या कुठल्याच खात्याच्या कुणी लागत नाहीत.

पट्टी बदलायला मात्र रुग्णालयातच जावं लागतं. दाराला पायऱ्या आहेत, उतरण नाही. माझ्या जातीला वर जाता येत नाही. मग काकू पायऱ्यांखाली उभ्या राहून हाक मारतात. एकदा, दोनदा. सिस्टर ट्रे घेऊन खाली येते आणि भर रस्त्यात, उन्हात, गुडघे टेकून पट्टी करते. काकू चादर धरून आडोसा करतात. येणारेजाणारे मान वळवतात. काही लोक कमानीचा फोटो काढतात.

काल पट्टी चालू असताना मोठ्या साहेबांची गाडी आली. आम्ही वाटेत होतो. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. काकूंनी चादर सोडली नाही, सिस्टरनं मान वर केली नाही.

"थांबा जरा," काकू म्हणाल्या. "जखम धुतेय."

पुन्हा हॉर्न.

काकांनी मान वळवून त्या ड्रायव्हरकडं पाहिलं. एका गाडीवाल्यानं दुसऱ्याकडं पाहावं तसं. ड्रायव्हरनं हात हॉर्नवरून काढला आणि इंजिन बंद केलं. मागच्या काचेतून साहेब काहीतरी बोलत होते, ते बाहेर ऐकू येत नव्हतं. पट्टी पुरी होईपर्यंत गाडी उभी राहिली.

तुम्ही त्या रस्त्यानं गेलात तर आम्ही दिसू. कृपा करून सलाम ठोकू नका, डोळे पुसू नका, फोटो तर काढूच नका. आत जा आणि विचारा की पायऱ्या कधी फोडणार. उत्तर मिळेल, 'मंजूर आहे.' तिथून हलू नका. मी बाहेरच आहे, उन्हात.